हातचा एक

सातवा विषय नेहमी शेवटी यायचा,
चहा गार झाल्यावर,
ग्विलिमची कार्डिफची गाडी चुकायला आली की.
आरोग्य आणि सुरक्षा.
इतिवृत्तात दोन शब्द: नोंद घेतली.
नऊ वर्षांत छत्तीस वेळा
मी ते दोन शब्द वाचले
आणि खाली सही केली.

कागदाची गिरणी दरीच्या तळाशी.
आमची खोली वर. खिडकीतून मेंढ्या दिसायच्या,
रोलर दिसायचे नाहीत.
मशीन तीन मात्र फरशीतून कळायचं,
बशीतला चमचा बारीक थरथरायचा.
कुणीतरी तो उचलून रुमालावर ठेवायचं
आणि आम्ही पुढे बोलायचो.

फेब्रुवारीत तीनची जाळी काढून ठेवली.
कागद अडकला की चार बोल्ट,
दर वेळी अकरा मिनिटं,
आणि वर आम्ही विचारायचो, टनेज का घसरलं?
रात्रपाळीतून एक चिठ्ठी आली होती.
नवी सरकती जाळी: अठरा हजार पौंड.
मी हिशेबाची बाई.
आकडा उचलून पुढच्या वर्षात ठेवला.
शाळेत मिसेस बेवन शिकवायच्या तसा,
हातचा एक.
"कोण कोण बाजूने?" अध्यक्षांनी विचारलं.
आम्ही सगळ्यांनी हात वर केले.

मे महिना, पहाटेचे पावणेचार.
कॅडवन प्रॉसर, वय एकतीस.
बाकीचं मला लिहिता येत नाही,
मी तिथे नव्हते.
मी कधीच तिथे नव्हते.

निरीक्षक बाईंचं नाव अडेयेमी.
टेप सुरू करताना त्यांनी सांगितलं,
बोललंच पाहिजे असं नाही.
मग कायद्यातले तीन शब्द, वही न उघडता:
संमती, कानाडोळा, हयगय.
गुन्हा कंपनीचा असला तरी
यातलं एक जरी तुमचं निघालं,
तर तो तुमचाही.
मी वकिलाकडे पाहिलं.
वकील खिडकीकडे पाहत होता.
तिथे मेंढ्या नव्हत्या.

"मशीन तीन तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

मी त्याचा घसारा दर वर्षी काढत आले.
विकत घेतलं ते साल सांगू शकते, किंमत,
आज पुस्तकात किती उरलंय ते पेन्सपर्यंत.
त्याचा रंग विचारू नका.

नंतर फाइल हाती आली.
कॅडवनच्या जबाबाच्या तळाशी त्याची सही.
डाव्या हाताची, ओळ सोडून खाली गेलेली,
प्रॉसरमधला एक 'एस' विसरून वरून घातलेला.
किती वेळ लागला असेल?
माझी सही मला ठाऊक आहे,
एक झटका आणि शेपटी.
बोलता बोलता होते.

एका बुधवारी, कुणाला न कळवता, मी खाली उतरले.
दारात एका पोरीने कानांवर मफ चढवले,
माझे बूट पाहून मान हलवली
आणि दुसरे आणून दिले, दोन नंबर मोठे.
मशीन तीन हिरवं आहे.
आता त्यावर पिवळी जाळी, सरकती;
ती उघडली की रोलर आपोआप थांबतात.
पोरीने उघडून दाखवली.
थांबले.
इतकंच होतं ते.

वकील म्हणतो, सांगा, मला माहीत नव्हतं.
खरंच नव्हतं.
पण तिथे विचारतील ते वेगळंच,
माहीत करून घेणं कुणाचं काम होतं?
मिसेस बेवन लाल पेन्सिलने गोल करायच्या:
हातचा घेतलास, मग मिळवला कुठे?

स्वान्सीच्या कोर्टात काल कॅडवन माझ्या आधी होता.
शपथेचं पुस्तक त्याने डाव्या हातात धरलं.
कारकून काही बोलणार होता, बोलला नाही.
मग माझं नाव पुकारलं.
"पुस्तक उजव्या हातात घ्या," कारकून म्हणाला,
"आणि हात वर करा."

केला.
फेब्रुवारीत केला होता, तोच.